हनुवटी टेबलावर: एका वस्तुचित्राची हकीकत

सात वस्तू. डावीकडून काठी, किल्ल्यांची जुडी, गजराचं घड्याळ, मधोमध आजी-आजोबांचा फ्रेममधला फोटो, मग शिवणाचा गोल पत्र्याचा डबा, चष्म्याचं घर आणि त्याच्यापुढे चष्मा. ए-टू आकाराचा कागद, पेन्सिलकाम, चार आठवड्यांची मेहनत. घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे वाचता येत होते, काठीच्या लाकडाचे रेषे मोजता आले असते. आणि चित्र ठार मुकं होतं.

हे चित्र माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचं. वय शेहेचाळीस, व्यवसाय हिशेब तपासण्याचा, चित्रं काढायला लागून पाच वर्षं झालेली. हात स्वच्छ, सवयी चांगल्या: पेन्सिल नीट तासलेली, कागदाला हात लागू नये म्हणून खाली कोरा कागद घेणार. चित्र माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "सर, सगळं आहे यात. पण ते दोघं नाहीत."

स्वतःच्या चित्रातला दोष इतक्या नेमकेपणाने सांगणारे विद्यार्थी फार थोडे भेटतात. बहुतेक जण "शेडिंग जमलं नाही" म्हणून मोकळे होतात. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते अशासाठी की तो दोष शोधून दूर करायला आम्हाला साडेतीन महिने लागले, त्यातले तीन आठवडे माझ्याच सल्ल्यामुळे वाया गेले, आणि सापडला तो आम्ही शोधत नव्हतो अशा जागी.

पंचनामा

पहिल्या दिवशी जे दोष दिसले ते कुठल्याही शिक्षकाला दिसले असते. फोटो हा त्यातला सगळ्यात मोठा. आजी-आजोबांवरच्या चित्रात त्यांचाच फोटो ठेवला की बघणाऱ्याला काही करायला उरत नाही. चेहरे बघितले, विषय कळला, गडी पुढच्या चित्राकडे. शिवाय बाकीच्या सहा वस्तू फोटोच्या दोन्ही बाजूंना मानकऱ्यांसारख्या उभ्या. मी त्याला पंचनामा म्हणालो. घरात काय काय सापडलं याची यादी, साक्षीदारांच्या सह्यांसकट. त्या हसल्या, पण वहीत लिहून घेतलं.

उजेडाचंही तेच. छतावर ट्यूब, बाजूला खिडकी, म्हणून प्रत्येक वस्तूला दोन-दोन पुसट सावल्या आणि प्रत्येकीवर स्वतंत्र पांढरा चमकता ठिपका. सात वस्तू, सात तारे. नजर कुठे ठरायचीच नाही. आणि सगळ्यात गडद जागासुद्धा मधल्या करड्या रंगाच्या पलीकडे गेलेली नव्हती. यात दोष पेन्सिलीचाही असतो. ग्रॅफाइटचे थर चपटे बसतात आणि दाबून काळं करायला गेलं की चकाकतात, त्यामुळे सिक्स-बी या मऊ, गडद पेन्सिलीने घोटलेला काळा भाग बाजूने पाहिला तर चक्क उजळ दिसतो. ज्याला खोल अंधार हवा त्याने कोळशाकडे जावं.

फोटो वगळायचा म्हटल्यावर त्या बिचकल्या. "मग कळणार कसं कुणाचं आहे ते?" तेव्हा मी त्यांना व्हॅन गॉगच्या दोन खुर्च्या दाखवल्या. १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावात त्याने स्वतःची साधी गवती बैठकीची खुर्ची रंगवली, तिच्यावर पाइप आणि तंबाखू. त्याच सुमारास पाहुणा आलेल्या गोगँ या चित्रकाराची खुर्ची रंगवली, तिच्यावर पेटती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. माणूस दोन्हींत नाही. ही कल्पना त्याला एकदम आकाशातून मिळालेली नव्हती. इंग्रज कादंबरीकार डिकन्स १८७० मध्ये गेला तेव्हा ल्यूक फिल्ड्स या चित्रकाराने त्याची रिकामी खुर्ची आणि लिहिण्याचं टेबल काढलं होतं, ते छापील चित्र व्हॅन गॉगला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला अप्रूपही होतं.

त्यांनी दोन्ही खुर्च्या बराच वेळ पाहिल्या आणि मग मला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला. "पण सर, त्या खुर्च्या त्याच्यासमोर होत्या ना? माझ्याकडे खरा म्हणावा असा चष्माच आहे."

मला हे माहीतच नव्हतं. त्या सातांपैकी फोटो, चष्मा आणि चष्म्याचं घर एवढंच अस्सल. घड्याळ भावाकडे होतं, चित्रासाठी त्यांनी तसंच दुसरं कुणाकडून तरी मागून आणलं होतं. काठी बाजारातली. किल्ल्या त्यांच्या स्वतःच्या. आणि डबा, ज्याच्याबद्दल त्या सगळ्यात जास्त बोलायच्या, तो कधीच कुणीतरी टाकून दिलेला. चित्रातला डबा कशावरून काढला विचारलं तर म्हणाल्या, "इंटरनेटवरच्या फोटोवरून."

माझी चूक

मी म्हटलं, डबा म्हणजे डबा. स्टुडिओच्या फळीवर वीस सें.मी. व्यासाचा, सात सें.मी. उंचीचा, झाकणाचा एक गोल पत्र्याचा डबा होता. मापं त्यांच्या आठवणीशी जुळत होती. तो दिला, एका दिव्याखाली ठेवला, चष्मा शेजारी ठेवला आणि सांगितलं, हे काढा. तीन आठवडे त्यांनी ते काढलं. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या पाच वर्षांतलं सर्वोत्तम काम झालं. झाकणाचं लंबवर्तुळ अचूक, पत्र्यावरची परावर्तित उजेडाची पट्टी सुरेख. वर्गातल्या इतरांनी टाळ्या वाजवल्या.

"हा तुमच्या स्टुडिओतला डबा आहे, सर," त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेबातली चूक दाखवावी तसं.

खरं होतं. समोर जे आहे ते प्रामाणिकपणे काढा, हे मी इतकी वर्षं शिकवत आलोय की इथे समोरची वस्तूच परकी आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मग उलट्या टोकाला गेलो. सगळं उचलून ठेवलं, टेबल रिकामं केलं. वीस मिनिटं, तीन कागद, डबा आठवून काढा. कुठेही बघायचं नाही, बोलायचं नाही, खोडायचं नाही.

हे सांगताना मला फारशी आशा नव्हती. आठवणीतून काढलेली वस्तू हळूहळू त्या वस्तूचं चिन्ह होते, हा माझा अनुभव. मानसशास्त्रातही याचे दाखले आहेत. बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत एक गंमत होती: प्राचीन इजिप्तच्या लिपीतलं घुबडाचं चिन्ह एकाला दाखवायचं, त्याने आठवून काढायचं, ते दुसऱ्याला दाखवायचं, त्याने आठवून काढायचं. असं पुढे पुढे जाता जाता घुबडाची मांजर झाली. १९७९ मध्ये निकर्सन आणि ॲडम्स यांनी अमेरिकन माणसांना त्यांच्या रोजच्या एका सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं, तर बहुतेकांना त्यावरच्या मोजक्या गोष्टीही धड जागेवर मांडता आल्या नाहीत. हजारदा हाताळलेली वस्तू, तरी ही गत. डोळे रोज बघतात ते ओळखण्यापुरतं.

पहिल्या कागदावर तसंच झालं. डब्याचं चिन्ह. कुणाचाही डबा.

दुसऱ्या कागदावर झाकणाची कड काढताना उजव्या बाजूला त्यांचा हात थांबला. मागे गेला. आणि तिथे कड किंचित वर उचललेली निघाली, ओठ मुडपावा तशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं नाही असं मीच सांगितलेलं, म्हणून वीस मिनिटं संपेपर्यंत थांबल्या आणि मग एका दमात सांगितलं. झाकण घट्ट बसायचं. आजीच्या बोटांत जोर नव्हता, ती कात्रीचं टोक कडेखाली घालून उचकटायची. रोज एकाच जागी. तिथे पत्रा वर आला होता आणि रंग उडून खालचं लखलखीत दिसायचं. "हे मला आत्ता आठवलं. काढेपर्यंत माहीत नव्हतं."

मला तेव्हा वाटलं, मिळालं. माझ्या फळीवरच्या डब्याची कड पक्कडीने उचलू, झालं काम. पण तीन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दुसरंच काही दिसलं. तिन्हींवर झाकणाचं लंबवर्तुळ चपटं होतं. इतकं चपटं, की जवळजवळ रेघच. आणि डबा अवाढव्य, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

ज्या बाईंनी मागच्याच आठवड्यात तोच आकार बिनचूक काढला होता, त्यांच्याकडून ही चूक तीनदा? मी विचारलं, "तुम्ही बसलाय कुठे?"

"म्हणजे?"

"डबा बघताना. आठवणीत तुम्ही कुठे आहात?"

त्यांनी डोळे मिटले. "खुर्चीत नाही. उभी आहे. वाकून." मग उठल्या, माझ्या टेबलापाशी गेल्या आणि शेहेचाळीस वर्षांच्या बाईंनी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली. "अशी."

तीन सें.मी.

यापुढचं गणित आम्ही त्याच संध्याकाळी पट्टी घेऊन केलं. प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

गोल झाकण किती चपटं दिसणार हे ठरतं आपला डोळा त्याच्या किती वर आहे आणि ते किती लांब आहे यावर. मोठं माणूस खुर्चीत बसलं की डोळा टेबलाच्या सुमारे पंचेचाळीस सें.मी. वर असतो. डबा सात उंच, म्हणजे डोळा झाकणाच्या अडतीस सें.मी. वर. डबा सत्तर सें.मी. अंतरावर धरला तर वीस रुंदीचं झाकण साडेनऊ खोलीचं दिसतं. रुंदीच्या जवळजवळ निम्मं. भरपूर उघडं, आत काय आहे ते दाखवणारं लंबवर्तुळ.

आता पाच-सहा वर्षांची मुलगी. हनुवटी टेबलावर टेकलेली. या वयात हनुवटीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर साधारण दहा सें.मी. म्हणजे डोळा झाकणाच्या फक्त तीन सें.मी. वर. डबा तोंडासमोर, पस्तीस सें.मी.वर. तेच झाकण आता वीस रुंद आणि जेमतेम १.७ खोल. बाराव्या हिश्श्याइतकं. म्हणजे रेघच.

आणि आकार? सत्तर सें.मी.वरून डबा नजरेचे सुमारे १४ अंश व्यापतो, पस्तीसवरून ३२. दुपटीहून मोठा. "लहानपणी सगळं मोठं वाटायचं" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याला हळवेपणाच्या खात्यात टाकून देतो. इथे त्यात हळवेपणा काही नव्हता. मूल वस्तूच्या जवळ असतं आणि वस्तूच्या उंचीवर असतं. त्याला ती खरोखर तेवढी दिसलेली असते.

चित्रात ते दोघं का नव्हते हे मला त्या पट्टीवर कळलं. सात वस्तूंचं पहिलं चित्र खुर्चीत बसलेल्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईंनी वरून खाली बघत काढलं होतं. वस्तू त्यांच्या असतील, पण बघणारी ती मुलगी नव्हती. आजी-आजोबा तर या बाईंना त्या उंचीवरून कधी भेटलेच नव्हते.

वर्गात आपण "नेत्रपातळी" (बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची) हा शब्द यथादर्शनाच्या, म्हणजे पर्स्पेक्टिव्हच्या, पाठात शिकवतो, घरं आणि रस्ते काढताना वापरतो, आणि टेबलावरच्या चार वस्तूंना विसरून जातो. मी तरी विसरलो होतो.

मांडणी

हनुवटी टेकवून चित्र काढता येत नाही हे दहा मिनिटांत कळलं. मान धरते आणि बोर्डाला जागा नाही. म्हणून उलटं केलं: टेबलावर खोकी रचून वस्तूच वर नेल्या, त्या सरळ खुर्चीत बसल्यावर डोळा वस्तूंच्या पायथ्यापासून दहा सें.मी. वर येईल इतक्या. बोर्ड ईझलवर, म्हणजे चित्राच्या घोडीवर, उजवीकडे, जवळपास उभा. अंतर पस्तीस ठेवलं तर बोर्ड आणि वस्तू दोन्ही नजरेत येईनात, म्हणून पन्नासवर तडजोड केली.

खरी अडचण वेगळीच होती. डोळा झाकणापासून तीनच सें.मी. वर असेल तर माणूस ताठ बसल्याने जो एक सें.मी. वर सरकतो तेवढ्याने लंबवर्तुळ एक तृतीयांशाने जाड होतं. वरून बघून काढायच्या मांडणीत ज्या हालचालीची फिकीर करावी लागत नाही, ती इथे सगळं बिघडवते. उपाय साधा निघाला. डब्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीची एक आडवी रेघ मारली. झाकणाची मागची कड त्या रेघेला टेकलेली दिसली की डोळा जागेवर. नाही दिसली तर आधी डोळा आणा, मग पेन्सिल उचला. वस्तूंच्या बुडाभोवतीही खुणा केल्या, कारण वर्गात दर आठवड्याला मांडणी मोडावी लागायची. इटलीतल्या बोलोन्या शहरात आयुष्यभर त्याच बाटल्या आणि डबे रंगवणारा मोरांदी वस्तूंच्या जागा टेबलावरच्या कागदावर आखून ठेवायचा, हे मी त्यांना सांगितलं. "म्हणजे वर्किंग पेपर," त्या म्हणाल्या. हिशेब तपासताना ठेवायच्या टिपणांचा कागद तो; हिशेबनिसाला खूण पटली.

वस्तू आता तीनच: डबा, चष्मा, घड्याळ. काठी आणि किल्ल्या त्यांनी स्वतःच काढून टाकल्या. "त्या मी घातल्या होत्या कारण आजोबांकडे काठी असतेच असं वाटलं." कुणाच्याही आजोबांकडे, असा त्याचा अर्थ.

चष्मा

चष्म्याला मी घाबरत होतो. काच काढणं अवघड, आणि हा चष्मा तर फार जाड भिंगांचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं खरं, पण ती पद्धत सगळीकडे रुळायला पुढे कित्येक वर्षं गेली. तोवर मोतीबिंदू काढला की माणसाच्या नशिबी दहाच्या आसपास अधिक नंबर आणि बाटलीच्या बुडासारखी भिंगं. अशा भिंगामागचे डोळे बाहेरून बघणाऱ्याला भलतेच मोठे दिसतात. "आजोबांनी चष्मा काढला की त्यांचे डोळे लहान व्हायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, सगळ्यांचेच होत असतील."

वर्गातले दिवे घालवले. एकच टेबल-दिवा, मागून डावीकडून, बराच खाली, चष्म्यापासून साठ सें.मी.वर. चष्मा काड्या उघडून भिंगांच्या कडेवर उभा ठेवला, दिव्याकडे पाठ करून. आणि चष्म्याची सावली टेबलावर पुढे पडली. तिच्या मधोमध उजेड होता.

बहिर्गोल भिंग उजेड गोळा करतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण सावलीच्या पोटात उजेड बघून मोठी माणसंही जवळ येतात. वर्गातले चार जण आले. दहा नंबरचं भिंग दूरच्या उजेडाला दहा सें.मी.वर एकत्र आणतं, साठवरच्या दिव्याला बारावर. दिवा अजून खाली केला तसा तो डाग लहान होत गेला आणि भिंगापासून हातभर नव्हे, चार बोटांच्या थोडं पुढे एक लख्ख ठिपका उभा राहिला.

त्यांनी काहीही न बोलता त्या ठिपक्यावर तर्जनी ठेवली. उजेड बोटावर चढला. मग डाव्या हाताने त्यांनी चष्म्याची काडी अगदी जराशी सरकवली आणि ठिपका बोटावरून निसटला.

"असं करायचे," त्या म्हणाल्या. "मी पकडला की ते काडी हलवायचे. पेपर वाचत असल्यासारखं तोंड करून."

यानंतर चित्र कशाचं आहे याची चर्चा आम्ही केली नाही.

कोळसा

तंत्राचं थोडक्यात. कागद जरा खरखरीत पोताचा, जाड, कोळसा धरून ठेवणारा. त्यावर विलो झाडाच्या काडीच्या कोळशाने पूर्ण पृष्ठभाग करडा करून घ्यायचा, हाताने चोळायचा आणि मग मळून मऊ होणाऱ्या रबराने उजेड उचलत जायचं. अंधार आधी, वस्तू नंतर. विलोचा कोळसा म्हणजे जळकी काडीच, सहज उचलला जातो. दाबून केलेल्या कांड्यांमध्ये चिकट द्रव्य असतं, त्या उचलल्या जात नाहीत, म्हणून त्या फक्त शेवटच्या काळ्या जागांसाठी.

एक गोष्ट मात्र फसली. उचललेला उजेड कधीच कोऱ्या कागदाइतका पांढरा होत नाही. कोळशाची बारीक पूड कागदाच्या खळग्यांत बसते ती बसतेच. झाकणाची कड, कात्रीने उघडा पडलेला पत्रा, चष्म्याच्या काडीवरची रेघ, हे सगळं उचललेल्या करड्यात झकास बसलं. पण ठिपकाही त्याच करड्यात आला आणि विझला. सात ताऱ्यांच्या चित्रात जे झालं होतं त्याचीच ही दुसरी तऱ्हा: तिथे सगळंच पांढरं, इथे काहीच नाही.

पुन्हा नवा कागद. या वेळी कोळसा लावायच्या आधीच ठिपक्याच्या जागी वाटाण्याहून लहान असा मास्किंग टेपचा तुकडा कापून चिकटवला. म्हणजे चित्रातली सगळ्यात उजळ जागा कुठे असणार हे पहिल्याच मिनिटाला ठरलं, आणि पुढचे पाच आठवडे ती टेपखाली झाकलेली. त्यांना ते फार आवडलं. मला धाकधूक होती. टेप जुनी झाली की कागदाची साल घेऊन येते, म्हणून दर आठवड्याला कडेवरून नखाने तपासायचो.

घड्याळ

भावाने खरं घड्याळ आणून दिलं. डोक्यावर दोन घंटा असलेलं, चौदा सें.मी. उंच. या नेत्रपातळीवर त्याच्या घंटा खालून दिसत होत्या, तबकडी डोळ्यासमोर, पाय खाली. सगळ्यांत उंच वस्तू तीच, डाव्या बाजूला चित्र तोलून धरणारी. मांडणी बघून भाऊ म्हणाला, "ताई, हे इथे कुठे होतं? हे आतल्या खोलीत असायचं. कपाटावर."

"टेबलावर होतं. मला टिकटिक आठवतेय."

"टिकटिक आतून यायची."

त्यानंतर दोन आठवडे त्यांनी कोळसा हातात धरला नाही. माझं मत स्पष्ट होतं आणि अजूनही आहे: चित्रकार शपथेवर बोलत नसतो, रचनेला उंच वस्तू हवी, ठेवा घड्याळ. त्यांचं म्हणणं वेगळं. "कड मला हातात आठवली, ठिपका बोटावर आठवला. घड्याळाचं व्हाउचर नाहीये माझ्याकडे, सर. मी ती नोंद कशी घेऊ?"

घड्याळ मांडणीतून उचललं. डावीकडे चित्राला भोक पडलं. चष्म्याचं घर ठेवून पाहिलं, बुटकं पडलं. कापड सोडून पाहिलं, नाटकी झालं. शेवटी एका संध्याकाळी मांडणी लावताना घड्याळ बाजूला, कागदाच्या चौकटीबाहेर ठेवलेलं राहिलं. दिवा मागून डावीकडून असल्यामुळे त्याची लांब सावली टेबलावरून तिरकी येऊन डब्याच्या बुडाशी थांबली. दोन घंटा, एक गोल, दोन पाय, सगळं ताणलेलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "हलवू नका."

सावली चित्रात आली. उंच वस्तूचं काम आडव्या सावलीने केलं, आणि वस्तू खोलीत आहे की आतल्या खोलीत हे चित्राने सांगायचं टाळलं. माझा सल्ला मोडून काढलेली ही तोड माझ्या सल्ल्यापेक्षा चांगली आहे हे कबूल करायला मला आठवडा लागला.

शेवटचं काम

टेप काढली तेव्हा ठिपक्याची कड कात्रीने कापल्यासारखी करकरीत आली. करंगळीने एकदाच, आतून बाहेर, पुसून ती मऊ केली. कोळसा कागदावर पक्का करणाऱ्या फवाऱ्याने, म्हणजे फिक्सेटिव्हने, तो थोडा गडद होतो आणि उजेड जरा मळतो, म्हणून फवारताना ठिपक्यावर कागदाचा कपटा धरला. तो जरासा हलला, ठिपक्याच्या खालच्या बाजूला पुसट करडी झाक आली. त्यांना ती खटकते, मला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. उजव्या भिंगाची जाडी अजून बरोबर नाही. जाड भिंगाची कड वळताना जी गुंतागुंत होते ती त्यांनी कोळशाच्या डागाखाली दडवली आहे आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. डब्याचा मागचा अंधार एका जागी फार घोटला गेलाय, तिथे कागदाचा पोत मेला. आणि डबा अजूनही माझ्या फळीवरचाच आहे. कड मात्र पक्कडीने उचलली नाही. पत्रा सरळच ठेवला. वर उचललेला ओठ त्यांनी दुसऱ्या कागदावरून, आठवणीतून काढला.

चित्र सुकल्यावर भाऊ बघायला आला. बराच वेळ उभा होता, मग चित्र भिंतीवर खाली लागलंय का असं विचारलं. खाली नव्हतं. नंतर सावलीवर बोट ठेवलं, काचेपासून थोडं लांब.

"ही कशाची?"

"तू सांग."

त्याने मान तिरकी केली. "गजराच्या घड्याळाची." थांबला. "पण ते इथे नव्हतं."

"हो," त्या म्हणाल्या. "इथे नाहीचे."